झिंगाप्पा म्हणवले गेलेले अप्पा

शिवलिंगअप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, आणि अहमदपूरच्या बसस्टँडवर लोक त्यांना विचारायचे, "काय झिंगाप्पा, आज किती घेतली?"

अप्पा माझे शेजारी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बांगड्यांचं लहानसं दुकान. गल्लीतल्या पोरांनी मोबाइलवर एक विनोदी मालिका सुरू केली, तिच्यात अप्पा झिंगाप्पा नावाचे दारुडे सरपंच झाले. झोकांडी खाऊन असे काही पडायचे, की पार नांदेडपर्यंत लोक खिदळायचे.

सुरुवातीला त्यांनाही मौज वाटली. "लोक हसून राहिले तर हसू द्या की, गुरुजी," असं मला म्हणायचे. मग दुकानात आलेली माणसं आधी पडून दाखवा म्हणू लागली. अप्पांच्या थोरल्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच पितात का हो?"

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर येईना. त्यातच नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा भरली. टँकर कुठं जायचा ते व्यासपीठावरच्या पुढाऱ्याच्या हातात होतं, म्हणून अप्पा वर गेले.

"साहेब, आमच्या बायामाणसांना पाणी न्हाई," ते म्हणाले. लोक हसले. "लेकरं आजारी पडून राहिलीत." लोक आणखी हसले. पुढाऱ्यानं माइक ओढून घेतला. "झिंगाप्पा, एकदा पडून दाखवा. संध्याकाळी टँकर दारात."

अप्पांनी खाली बसलेल्या बायकांकडं पाहिलं आणि ते पडले. शिट्ट्या वाजल्या. पुढारी डोळे पुसत हसत होता.

संध्याकाळी टँकर आला. अप्पांच्या बायकोनं, बसम्माकाकूंनी, त्यातलं थेंबभर पाणी घरात घेतलं नाही. अप्पांनी मालिका सोडली. पोरं समजूत घालायला आली, तेव्हा एवढंच म्हणाले, "मला आता माझ्या नावानं हाका मारा, बाबांनो."

कुणीच मारली नाही. दोन वर्षांनी अप्पा गेले. दुसऱ्या दिवशी त्या पुढाऱ्यानं चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला. हातात बाटली, जीभ बाहेर, खाली 'आपला लाडका झिंगाप्पा'. लोक फलकापाशी उभं राहून फोटो काढत होते.

बसम्माकाकू दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो माणूस आमच्या घरचा न्हाई. काढा ते."

मी शिडी आणली.