एकोणपन्नास पिसं

अग्रहारातल्या नरसिंगरावांचं आयुष्य हार्मोनियमच्या भात्यांना ठिगळं लावण्यात गेलं. पियानो शिकवणाऱ्या शरण्याबाईंनी एका जुन्या हार्प्सिकॉर्डचे आराखडे आणून दिले आणि साठीला आलेल्या माणसाला खूळ लागलं. हे वाद्य म्हणजे पियानोचा पणजोबा. पियानोत तारेवर हातोडी पडते. यात पट्टी दाबली की लाकडाची काडी वर उचलली जाते आणि तिला बसवलेला बारीक तुकडा तार छेडतो.

आठ महिने खपून नरसिंगरावांनी एकोणपन्नास पट्ट्यांचं वाद्य उभं केलं. तुकडे प्लास्टिकचे लावले. आवाज डब्यात हरभरे हलवल्यासारखा. शरण्याबाई सभ्यपणे म्हणाल्या, पूर्वी तिकडे कावळ्याच्या पिसाची दांडी कापून लावत. मग काय, नरसिंगरावांची झोप उडाली.

पण बायकोच्या, भवानीबाईंच्या घरात कावळ्याचं पीस? पितरांनी गच्चीवर यावं, घास घ्यावा, जावं. माजघरात त्यांचं काय काम? म्हणून नरसिंगराव पहाटे फिरायला जाऊ लागले. बायकोला वाटलं, साखर वाढली असेल. हे आपले झाडाखाली गळलेली पिसं वेचून, काळी जुडी हातात धरून परत येत आणि दाराशी ती सदऱ्यात लपवत. कावळ्यांना वाटलं, हा आपल्यातलाच एक मारून नेतोय. त्यांनी चेहरा नीट बघून ठेवला.

पितृपक्षात वडिलांची, मनोहररावांची तिथी आली. गच्चीवर पान मांडलं. कावळे समोरच्या नारळावर, नरसिंगरावांकडे बघून नुसता कलकलाट. भवानीबाई सासऱ्यांची राहिलेली इच्छा शोधू लागल्या. बेट्टदपुरच्या देवाचा डोंगर चढू म्हणाल्या, त्यांच्या खुर्चीत कुणाला बसू देणार नाही म्हणाल्या. एकही कावळा हलेना. खाली पाहुणे उपाशी.

खरं कारण नरसिंगरावांना ठाऊक होतं. पण बोलावं, तर इतक्या दिवसांची कमाई उकिरड्यावर.

शेवटी खालमानेनं म्हणाले, "आप्पांचं काही राहिलेलं नाही गं. पिसं मी उचललीत. सत्तेचाळीस. वाद्यात बसवलीत."

भवानीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे.

"मग गप, सुम्मने खाली जा की."

ते जिना उतरले आणि पानावर झुंबड उडाली.

आता वाद्य जाणार, हे धरून नरसिंगरावांनी एक पट्टी दाबली. सूर पातळ, लख्ख, गच्चीपर्यंत गेला. थोड्या वेळानं भवानीबाई उतरल्या. कावळ्यांच्या भांडणात पडलेली दोन पिसं त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली.

"मामंजींनी दिलीत म्हणून. कापायची ती इथंच पायरीवर. आणि आंघोळ करून आत यायचं."

एकोणपन्नास पट्ट्या पुऱ्या झाल्या. पिसं झिजतात, बदलावी लागतात. तेव्हा नरसिंगराव पायरीवर छत्री उघडून बसतात. कावळे अजून विसरलेले नाहीत.