हिरावहिनीचं रिकामं कपाट

प्रणालीचा फोन आला तेव्हा, शनिवारी सकाळी, मी शेणव्याच्या शाळेत दुसरीच्या मुलांचं शुद्धलेखन तपासत होते. प्रणाली म्हणजे माझ्या भावाची सून. "आत्या, आई बोलत नाहीयेत... डोळे उघडे आहेत, पण बोलत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मी शाळेतून निघून कल्याणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हिरावहिनी गेलीसुद्धा होती. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काहीतरी सांगत होते आणि माझं लक्ष मात्र वहिनीच्या अंगावरच्या साडीकडे होतं. फिकट पोपटी, रोजची, धुऊन धुऊन मऊ झालेली. दवाखान्यात नेताना माणसं एखादी बरी साडी नेसवतात, हिला ही का नेसवली, असा एक विचित्र विचार तेव्हा मनात येऊन गेला. अशा वेळी मन कुठे जाऊन बसेल, सांगता येत नाही.

वहिनी धसईजवळच्या आमच्या घरी सून म्हणून आली तेव्हा मी शाळकरी होते. कापडाचं तिला फार वेड. चैन म्हणून नव्हे, कुतूहल म्हणून. एसटीत शेजारी कोणी अनोळखी बाई बसली तरी तिचा पदर बोटांत धरून बघायची. "हा कुठला गो? धुतल्यावर आटतो काय?" त्या बाईला राग यायच्या आधी दोघींच्या गप्पा सुरू झालेल्या असायच्या. माझं लग्न झाल्यावर दर भाऊबिजेला मला मिळणारी साडी दादाच्या नावाची असली तरी निवड वहिनीची असायची. मुरबाडच्या दुकानात ती दिवसा उजेडी जायची, साडी दुकानाबाहेर उन्हात आणून बघायची. दुकानदार कुरकुरायचा. "ट्यूबलाइटखाली नेसणार हाय का ती?" असं त्याला विचारायची.

तेरावं झाल्यावर दादा म्हणाला, "मंदे, तिचा कपाट तूच उघड. माझ्यानं नाय व्हायचा." आमच्याकडे नणंदेनंच ते करायची रीत आहे. आजूबाजूच्या चार बायका, दादाची मावससासू, प्रणाली, सगळ्या त्या लोखंडी कपाटाभोवती बसलो. माझी तयारी होती ती रडायची. हिच्याकडे साड्या किती, ते मला ठाऊक होतं. आमचं गोतावळ्याचं घर, लग्नाकार्यात आहेर यायचे, तिचा मुलगा निलेश दर दिवाळीला आणायचा, मी आणायचे. दार उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास होता, तीन रोजच्या साड्या होत्या, एक स्वेटर होता. बाकी फळ्या रिकाम्या. वर्तमानपत्राचे कागदसुद्धा नीट झटकून पुन्हा अंथरलेले.

"असा कसा होईल?" मावशी म्हणाल्या. "मी दिलेली मोरपंखी कुठं हाय? निलेशच्या लग्नातली?" मग जरा थांबून, कोणाकडे न बघता, "किल्ली कोनाकडं होती?" किल्ली प्रणालीकडे होती. दवाखान्यात नेताना कागदपत्रं काढायला तिनंच कपाट उघडलं होतं. ती बदलापूरला राहते, नोकरी करते, शनिवार-रविवार येते. संशयाला एवढं पुरेसं असतं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मी उघडलं तेव्हाही असंच होतं. मला वाटलं, आईंनी दुसरीकडे ठेवलं असेल." ती उठून मोरीत गेली, आणि नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी दादाला विचारलं. तो बिचारा गोंधळला. "साड्या? नेसायची की ती. रोज नेसायची." पुरुषांच्या डोळ्यांना साडी ही एकच दिसत असावी, फक्त रंग बदलणारी. पण मला चैन पडेना. चोरीचा प्रश्न माझ्या मनात नव्हताच, प्रणालीला मी ओळखते. मला कोडं पडलं होतं ते वहिनीचं. जिनं आयुष्यभर कापड बोटांत धरून बघितलं, तिच्या कपाटात कापड नाही? विकलं असेल? कुठे लपवलं? की तिला कळलं होतं... आणि आम्हालाच कळलं नव्हतं?

पंधरा-एक दिवसांनी दादाला भेटून परत निघाले होते. धसईला मुरबाडच्या गाडीची वाट बघत बाजारात उभी होते. समोर माठाच्या जुड्या आणि काकड्या घेऊन बसलेली एक बाई पाठमोरी वाकली होती. जांभळी साडी, मोहरीच्या रंगाचा काठ. ती साडी मी वहिनीला माझ्या मुलाच्या बारशाला घेतली होती. बाई वळली. गावाच्या टोकाला असलेल्या वाडीतली भागी. मला ओळखल्याबरोबर तिनं पदर दोन्ही हातांनी अंगाशी आवळून धरला.

"बाय, परत न्यायला आलाव काय?"

मी तिच्याशेजारी फुटपट्टीएवढ्या जागेत खाली बसले. "नाय गो. तुझीच आहे. फक्त सांग, तुला कधी दिली?"

"झाली दोन वर्सा. मीच एकली नाय. कितीजनींना दिल्या." आणि मग ती जरा हसली. "पन एक अट असायची त्यांची. घरात ठेवायची नाय. कामावर नेसायची. आनि बोभाटा करायचा नाय, आहेर देनारी मानसं रुसतील म्हनायच्या. मी इचारला, एवढी चांगली देताव कशाला? तं म्हनल्या, मी मेल्यावर देतील तं तू घेशील काय?"

"घेतली असतीस?"

"नाय बा," भागी लगेच म्हणाली. "मेल्या मानसाचा कोन नेसतंय?"

त्यासरशी मला नदीकाठ आठवला. आमची आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत घडीही न मोडलेली लुगडी निघाली होती. मी आणि वहिनीनं ती घरोघर देऊन बघितली. लोकांनी नम्रपणे हात जोडले. जीव अडकलेला असतो त्यात, म्हणाले. शेवटी गाठोडं नदीत सोडलं. पाण्यात एक हिरवं लुगडं हळूहळू उलगडत गेलं, त्याचा पदर पहिल्यांदाच पुरता उघडला तो तिथे. वहिनी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. "तिच्या अंगाला नाय लागला, आनि कोनाच्याच नाय," एवढंच बोलली होती. मी ते दुःखाचं बोलणं समजले. ती मात्र तेव्हापासून विचार करत होती.

म्हणजे मरणाची चाहूल वगैरे काही नव्हतं. धडधाकट बाई, हसत-खेळत, वर्षानुवर्षं आपलं कपाट रिकामं करत होती. मला हे कळल्यावर का कोण जाणे, फार हलकं वाटलं.

भागीनंच सांगितलं की टोकावड्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापणारी सुंदरा आहे, तिलाही दिलीय. पुढच्या रविवारी मी प्रणालीला घेऊन गेले. माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी होती. मागच्या बाजूला चुलीपाशी सुंदरा बसली होती, आणि तिच्या अंगावर होती मावशींची मोरपंखी. पदर कमरेला खोचलेला, निऱ्यांवर पिठाचे हात पुसलेले. प्रणाली बघतच राहिली. मग तिनं पर्समधून मोबाइल काढला, फोटोसाठी वर धरला... आणि खाली घेतला.

"काढ की," मी म्हणाले. "मावशींना दाखवू."

"नको आत्या. मला बोलल्या ते बोलल्या. आता हे दाखवलं तर आईंवर राग धरतील. आणि त्यांना उत्तर द्यायला आई नाहीत."

सुंदरानं आम्हाला गरम भाकरी दिली. वहिनीच्या आठवणी सांगता सांगता ती अचानक माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमीच शेणव्याच्या बाई ना? मी इचारला होता त्यांना, नंदेला काय देताव? तं हसल्या. म्हनल्या, तिला दिली तं ती माझी आठवन म्हनून कपाटात ठेवील. तिच्याकडंच लय पडल्यात."

खरं होतं. तोवर मनात कुठेतरी सल होता, वाडीतल्या बायकांना दिलं आणि मला एक पदरही नाही. सल गेला असं म्हणत नाही, पण त्याच्या जागी हसू आलं. ती मला किती नीट ओळखत होती!

मावशींना मी फोन करून एवढंच सांगितलं की साड्या सापडल्या. "कुठं?" त्या म्हणाल्या. "वापरात आहेत," मी म्हणाले, "आणि प्रणालीला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एकदा फोन करा." त्यांनी केला, असं प्रणालीनंच नंतर सांगितलं. हे सगळं लिहायला मी तिची परवानगी घेतलीय. मावशींना मोरपंखीचं आता कळेलच... कळू दे. रुसवा आलाच तर माझ्यावर येऊ दे, मी उत्तर द्यायला आहे.

गेल्या आठवड्यात शहापूरच्या घरी मी माझं कपाट उघडलं. भाऊबिजेच्या साड्या वर्षांच्या क्रमानं रचलेल्या होत्या, मलमलच्या पिशव्यांत. पलंगावर सगळ्या पसरल्या. आमच्याकडे धुणीभांडी करणारीनं दोन नेल्या, शेजारणीच्या मुलीनं एक. एक मी शाळेत नेसून गेले, खडूनं भरवून आणली. प्रणाली रविवारी आली तेव्हा तिनं विटकरी रंगाच्या साडीवर हात ठेवला. बारीक चौकडी, हिरवा काठ. वहिनीनं ती मुरबाडला भर उन्हात उलटीपालटी करून घेतली होती, मी सोबत होते.

"आत्या, मी साडी नेसत नाही फारशी. हिचा ड्रेस शिवला तर...? कापावी लागेल."

कापलेली साडी परत साडी होत नाही. मी साडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "चल, आत्ताच जाऊ."

बाजारातल्या शिंप्यानं ती लांबलचक टेबलावर पसरली, हातानं सुरकुत्या सारल्या, खडूनं खुणा केल्या. मग कात्री उचलून त्यानं, मोठी म्हणून, मला विचारलं, "बाई, काठ ठेवायचा की काढायचा?"

"तिला विचारा," मी म्हणाले. "तिचा आहे ड्रेस."

प्रणालीनं काठाचं टोक बोटांत धरलं, दुकानाच्या पायरीवर गेली, आणि उन्हात धरून बघायला लागली.