केक जाणाऱ्याला

कॅनडातल्या आमच्या ड्राय कूली गावच्या विद्यापीठात जो नोकरी सोडून जातो, त्याला केक मिळतो. जो राहतो, तो भांडी घासतो. केक मी मागवते, कारण वनस्पतिरोग विभागाचं ऑफिस मी, वर्ना, चालवते. भांडी ओरेस्ट मेलनिचुक घासायचा, कारण तो कधी गेलाच नाही.

हा ओरेस्ट गव्हावरच्या तांबेऱ्यातला दर्दी. आमच्या सस्कॅचेवान प्रांतातला शेतकरी पानावर ठिपका दिसला की आधी त्याला फोन करतो, मग बायकोला सांगतो. एकदा त्याला ऑस्ट्रेलियाहून बोलावणं आलं होतं. पण आईची नजर अधू झालेली, आणि म्हातारी परसातला बीटचा वाफा सोडून विमानात बसायला तयार नव्हती. म्हणून हा राहिला, दर वसंतात नव्या कंत्राटावर सही करत. त्याला हवी होती फक्त एक कायमची जागा. पुढच्या वर्षी नोकरी आहे का, असं आईने विचारलं की त्याला मान खाली घालावी लागे.

अखेर जागा निघाली. मी तर मनातल्या मनात त्याच्या नावाची पाटीसुद्धा लावून टाकली. कसलं काय! समितीने निवडले स्वित्झर्लंडचे डॉक्टर फोस्लर, ज्यांनी आमची थंडी फक्त फोटोत पाहिली होती. मी डीन प्रेस्कॉटसाहेबांना गाठलं आणि विचारलं, ओरेस्टमध्ये काय कमी होतं? ते अगदी मायेने म्हणाले, "त्याला परदेशाचा अनुभव नाही, वर्ना. आणि तसाही ओरेस्ट कुठे जातोय? जागा द्यावी लागते ती जाऊ शकणाऱ्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस टिकतो म्हणून त्याला काहीच द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

फोस्लर आले. हिवाळ्यात गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ते विजेला जोडून ठेवावं लागतं, हे त्यांना ओरेस्टनेच शिकवलं. त्यांचे वर्गही बहुतेक त्यानेच घेतले. फेब्रुवारी सरायच्या आत साहेब मायदेशी चालते झाले. लगेच केक आला. डीनसाहेबांनी गळा काढला, की आपल्या प्रांतातली बुद्धी अशी बाहेर वाहून चालली आहे, आपण करणार तरी काय. स्विस माणूस स्वित्झर्लंडला गेला, आणि वाहून गेली म्हणे आमची बुद्धी! मी खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकलं.

मग ते सिंककडे वळले आणि ओरेस्टला म्हणाले, वर्ग नेहमीसारखे तूच बघ. ओरेस्टने हात पुसले आणि सांगितलं, की सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या एका कॉलेजाने त्याला कायमची जागा दिली आहे. गाडीने चार तासांचा रस्ता. आईसुद्धा यायला तयार झाली होती, तिचा नवा वाफा कुठे करायचा तेही ठरलं होतं.

डीनसाहेब चाचरत म्हणाले, असं आहे तर तुझ्यासाठीही केक मागवू.

"जागा दिली असतीत," ओरेस्ट म्हणाला, "तर केक मी आणला असता."

फडकं खुंटीला अडकवून तो निघून गेला. भांडी तशीच पडली. मी काही घासली नाहीत.

दोनेक वर्षांनी डीनसाहेब अक्षरशः नाचत माझ्या टेबलाशी आले. परदेशी गेलेल्या बुद्धिवंतांना परत आणायला सरकारने निधी दिला होता. कायमची जागा, वेगळी प्रयोगशाळा, राहायला घर, सगळं. ओरेस्टला फोन लाव म्हणाले, आता त्याच्याकडे परदेशाचा अनुभव आहे. तिकडे गहू तोच, तांबेरा तोच, वारासुद्धा तोच. मध्ये काय ती एक सरहद्दीची चौकी.

मी फोन लावला, त्यांच्यासमोरच, स्पीकरवर. ओरेस्टने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईचे बीट यंदा कसे झालेत, ते सांगितलं.

मग म्हणाला, "वर्ना, डीनसाहेबांना सांग, मी आता कुठे जातोय?"