अनवाणी मास्तर आणि माझे बूट

मानवतच्या आमच्या शाळेत कवायतीचा तास असला की मैदानावर दोन गोष्टी लांबूनच दिसत, मास्तरांच्या मिशा आणि त्यांचे उघडे पाय. मिशा पुष्कळांना होत्या. पण अंगात कोट, डोक्याला साफा, कमरेला पट्टा आणि पायांत काहीच नाही, असा सरकारी नोकर आम्ही दुसरा पाहिला नव्हता. पायाची बोटे अशी सुटी सुटी, की प्रत्येकाने आपापली जागा धरून ठेवली आहे असे वाटे. सगळा गाव त्यांना 'अनवाणी मास्तर' म्हणे. त्यांचे खरे नाव फक्त शाळेच्या दप्तरात असावे.

मास्तर आधी निजामाच्या फौजेत होते. तिथल्या बुटांनी त्यांच्या पायांना कुरुपांच्या इतक्या भोवऱ्या दिल्या, की नोकरी सुटली त्या दिवशी त्यांनी बूट छावणीच्या फाटकातच ठेवले आणि स्टेशनपर्यंत अनवाणी चालत आले. "माती लागली ना पायाला, रडूच आलं बेटा," असे ते सांगत. वर्षभरात भोवऱ्या गेल्या म्हणे. तेव्हापासून कोणाच्या पायात बूट दिसले की ते कळवळत. "बूट काय हाय? पायाचा कैदखाना. गुन्हा काय केला रे त्यानं?"

निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी असे, म्हणून गुरुवारी मास्तर पायांची हजेरी घेत. ओसरीच्या शहाबादी फरशीवरून आम्ही ओल्या पायांनी एकेक करून चालायचे आणि मास्तर उकिडवे बसून ठसे वाचायचे. "ह्यो उड्या मारणार. आन् ह्याची टाच लय जड हाय, घरात भांडी पडत असतील फळीवरची." माझा ठसा उमटला तेव्हा ते वाकून बघू लागले. इतरांच्या ठशाला मध्ये कंबर असे. माझा ठसा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला.

"आरं, ही तर भाकर हाय!"

सगळी रांग हसली. मीही हसलो. मग मास्तरांनी माझा पाय हातात धरून बघितला. "कुठून येतोस रे?"

"दोन कोसांवरून."

"दुखतेत?"

मी होकाराची मान हलवली आणि काय झाले कोण जाणे, डोळे भरून आले. कारण घरी जवळजवळ ठरलेच होते. दिवाळीपर्यंत बघायचे, नाहीतर शाळा बंद. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी धरली नव्हती. माझे वडील, आबा, काही शिक्षणाचे वैरी नव्हते. पण रोज संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून पिंढऱ्या दाबायचो, ते त्यांना बघवत नसे. "एवढे हाल करून काय तालुकदार व्हायचाय?" ते म्हणत. मला तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा साहेब, व्हायचे नव्हते. मला फक्त पुढच्या वर्गात बसायचे होते. हे सगळे मी रडत रडत मास्तरांना सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी, सुट्टी असून, मास्तर दोन कोस चालून आमच्या दारात उभे! आबांनी घाईघाईने घोंगडी अंथरली. मास्तर बसलेसुद्धा नाहीत.

"दोन महिने द्या मला, आबा. ह्याचे पाय मी चालते करतो."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर मी सोता तुमच्या औतामागं चालतो."

आबा गोंधळले. "तुमी सरकारी माणूस, आमच्या औतामागं?"

"चालू द्या की," आई आतून म्हणाली. "पाय तर औताचेच हायेत त्यांचे." मास्तर इतके हसले की गोठ्यातला बैल बिचकला.

आबांनी दोन महिने दिले. पण खात्री असावी म्हणून मला परभणीच्या दवाखान्यातही नेले. तिथले डॉक्टर तरुण होते, हैदराबादला शिकून आलेले. पायाची कमान बसली आहे, असे म्हणून त्यांनी कागदावर बूट काढून दिला. आत, तळव्याच्या मधोमध, चामड्याचा उंचवटा. मानवतच्या मोच्याने कागद उलटासुलटा करून तीनदा बघितला आणि बूट शिवले.

मास्तरांनी बुटात हात घालून तो उंचवटा दाबून पाहिला. "पायाला कुबडी दिली की पाय आळशी व्हतो," ते म्हणाले. मग बूट परत देत, "पण डॉक्टर शिकलेला हाय. रस्त्यानं घालत जा. आन् सकाळी लवकर ओढ्यावर बी ये."

ओढ्याच्या कडेच्या वाळूत मास्तर मला टाचेवर, चवड्यावर, मग उलटे चालायला लावत. नंतर चिंचोके पसरून पायाच्या बोटांनी वेचायचे. स्वतः समोर बसून शर्यत लावत आणि मला बिनदिक्कत हरवत. "पोर हाय म्हणून सोडणार न्हाई तुला," म्हणत. पहिले आठ दिवस मला एक चिंचोका उचलता येईना. महिन्याने मी त्यांना गाठू लागलो, तेव्हा ते चिंचोके लांब टाकू लागले.

आणि बूट? ते आमच्या घरातले पहिले बूट होते. नवे जोडे हातात घेऊन चालायचे आणि वेशीपाशी पाय पुसून घालायचे, ही आमच्याकडची रीत. बाजाराला, लग्नाला सगळे असेच जात. मीही बंद बांधून बूट गळ्यात अडकवी आणि मानवतची वेस आली की घाली. शाळेत सतरंजीवर बसायचे, म्हणून ते पुन्हा दाराबाहेर. दिवसभरात माझ्या पायांना बूट लाभत ते वेशीपासून शाळेपर्यंत. यात काही चुकते आहे, असे ना मला वाटले ना आबांना.

दोन महिन्यांनी आम्ही तिघे परभणीला गेलो. मी चालत गेलो नसलो, तरी दवाखान्याच्या पायऱ्या उड्या मारत चढलो. डॉक्टर खूश झाले. "बघा मास्तर, बुटाची करामत!"

मास्तरांनी मिशीला पीळ दिला. डॉक्टरांनी बूट हातात घेऊन उलटा केला आणि बघतच राहिले. तळ जवळजवळ नवाच होता. "हे घातले होते की नाही?"

आबा अभिमानाने म्हणाले, "लय जपलेत, साहेब. चिखलाचा एक ठिपका लागू दिला न्हाई."

मास्तरांना हसू आवरेना. खुर्चीचा आधार घेऊन ते हसले. डॉक्टरांनी मला ओल्या पायाने फरशीवर चालवले आणि ठसा दाखवला. "हसू नका. कमान आलेली नाही. पाय होता तसाच सपाट आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "दुखतो का रे?"

"नाही मास्तर. आता दोन कोस कळतसुद्धा नाहीत."

"म्हणजे पायात ताकद आली," डॉक्टर म्हणाले. "मातीत अनवाणी चाल. दगडी सडकेवर मात्र बूट पायात घाल. पायात, गळ्यात नाही!" मग त्यांनी मास्तरांना टाच वर करायला लावली आणि चिमट्याने बाभळीचा हा एवढा काटा काढला.

"हा कधीचा?"

"आसंल आषाढातला," मास्तर खजील होऊन म्हणाले. "कळला न्हाई."

 परतीच्या वाटेवर आबा एवढेच म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ द्या त्याला साळंत. जाऊ दे जाईल तितका."

मी हैदराबादेपर्यंत गेलो. बी.ए. झालो तोवर मास्तर पालमला लेकीकडे राहायला गेले होते. निकाल लागताच मी पालम गाठले. ती आमची शेवटची भेट ठरली. अंगणात बाजेवर बसलेल्या मास्तरांच्या मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय वर ओढून घेतले. मला शेजारी बसवले, माझ्या बुटाचा बंद सोडला आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"मास्तर, असं करू नका. तुम्ही माझे पाय..."

"गप. इथं दुखतं?" त्यांनी अंगठ्याने तळवा दाबला.

"नाही."

"इथं?"

"नाही, मास्तर."

लेक पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. बाप एका तरण्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसलेला तिने कधी पाहिला नसेल.

"बघ गं," मास्तर म्हणाले, "हे आमचे बी.ए." माझ्या तोंडाकडे त्यांचे लक्षच नव्हते. ते माझ्या पायाकडे बघून बोलत होते.