गांडुळांना दूध पाजलं त्याची गोष्ट

आमच्या खानदानात शिकलेलं कुणी नव्हतं असं नाही, मीच नव्हतो. मोठा भाऊ, आमचा दादा, बँकेत साहेब झाला. मी हैदराबादेत सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात गादीवर बसून जन्मभर पदर उलगडत राहिलो. चौथीत मास्तरांनी मला दोनदा ठेवून घेतलं. तिसऱ्यांदाही ठेवायला तयार होते, मलाच लाज वाटली. असल्या माणसाच्या पोटी पोरगी निघाली बी.एस्सी. फर्स्ट क्लास. लोक माझ्याकडं बघायचे, मग तिच्याकडं, मग बायकोकडं बघून म्हणायचे, आईवर गेली.

ते दिवस कंप्युटरचे. अमीरपेठेत एका एका बिल्डिंगीला क्लासच्या इतक्या पाट्या की खिडकी दिसायची नाही. आमच्या मलकपेठेतही ज्याला विचारावं त्याचा कोर्स चालू. आणि माझी पोरगी म्हणाली, मी पर्यावरणात एम.एस्सी. करते. त्यात काय शिकवतात, मी विचारलं. म्हणाली, जमीन, पाणी असं वापरायचं की मागून येणाऱ्यांनाही उरलं पाहिजे. मी म्हटलं, एवढंच ना, आपण शेतकऱ्याची अवलाद, हे तर मला येतं. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला.

शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्टला विषय घेतला खताचा. घरातला ओला कचरा आणि घोड्याची लीद गांडुळांना घातली तर खत कसं होतं, ते बघायचं. गच्चीवर मोसंबीची लाकडी खोकी मांडली. एकात नुसता कचरा, एकात नुसती लीद, बाकीच्यांत कमीजास्त मिसळून. लीद आणायचं खातं माझ्याकडं, कारण रेसकोर्स घरापासून चालत जाण्याइतका. तिथं घोडे सांभाळणाऱ्या एका सईसाशी दोस्ती केली. तो रोज हसायचा. "मियाँ, लोगां घोड़े पे लगाते, तुम घोड़े के पीछे लगे."

गल्लीला वेगळंच दिसलं. मी सकाळी सकाळी रेसकोर्सच्या फाटकातून पोतं घेऊन निघतो म्हणजे रेसचा नाद लागला, असं ठरलं. शेजारचे एक रिटायर मास्तर हळूच विचारायचे, कुठला घोडा चांगला. मी सांगायचो, जो जास्त हागतो तो. ते खरंच विचार करायचे.

दादाला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं पोरीसाठी स्थळ आणलं होतं. पोरगा सॉफ्टवेअरवाला, अमेरिकेला निघालेला. मुलगी पसंत होती, पण तिकडं दोघांनी कमवावं लागतं, म्हणून तिनं हे घाणीचं शिक्षण सोडून कंप्युटरचा कोर्स करावा, असं त्यांचं म्हणणं. नागपंचमीनंतरच्या रविवारी जवाब घ्यायला येतो, असं दादा सांगून गेला. पोरगी म्हणाली, एम.एस्सी. पुरी केल्याशिवाय मी कुठंच जात नाही. मी तिच्यापुढं मान हलवली. त्याआधी दादापुढंही हलवली होती. माझी मान तशीच आहे.

मग आली नागपंचमी. आमच्याकडं त्या दिवशी माती उकरायची नाही, काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि बाईनं वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या. हैदराबादेत वारूळ कुठून आणावं? रेल्वे फाटकाकडं एका रिकाम्या प्लॉटात होतं, बायको वर्षानुवर्षं तिथं जायची. त्या वर्षी गेली तर तिथं चार मजले, आणि वर कंप्युटरचा क्लास. ताट घेऊन परत आली, डोळ्यात पाणी. म्हणाली, आता कुठं वाहू?

इथं माझी अक्कल चालली. मी म्हटलं, वर चल. आपल्या पोरीनं मातीतले जीव पाळलेत, आपले नाग तेच.

"अहो, गांडूळ म्हणजे नाग का?"

"लहान आहेत अजून," मी म्हटलं.

पोरगी कॉलेजात होती. खोक्यांना कुणी हात लावायचा नाही, हे तिनं बजावलेलं. आम्ही हात लावला नाही. वरून दूध सोडलं, लाह्या टाकल्या, आणि देवाचं तोंड गोड व्हावं म्हणून मी पदरचा गुळही कुस्करून घातला. कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्या खोक्यांना सारखा.

दुसऱ्या दिवशी पोरगी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मी गेलो तर लाल मुंग्यांच्या रांगा भिंतीवरून खोक्यांपर्यंत, आणि दूध आंबून असा वास की मला घोडे आठवले. मुंग्या एकेक गांडूळ ओढून नेत होत्या, वरातीसारखं. मी काहीतरी विनोद करणार होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकला नाहीत याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आज वाटलं."

मी साडीच्या धंद्यातला माणूस, गिऱ्हाईक काहीही बोललं तरी जवाब तयार असतो. त्या दिवशी मी खाली जाऊन झाडू आणला आणि मुंग्या झाडायला लागलो.

तिच्या मॅडमनी सांगितलं, सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल, म्हणजे यंदाची परीक्षा गेली. पुढच्या वर्षापर्यंत स्थळवाले थांबणार नव्हते. आता एक तर परत सुरू करायचं, नाही तर सोडायचं. पोरगी मला काही विचारत नव्हती. दादापुढं मी काय बोलणार ते तिला माहीत होतं.

रविवारी दादा आला. बायकोनं चहा टाकला. तो थेट गच्चीवर गेला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला. पोरगी खोक्यापाशी बसलेली, कोपरापर्यंत हात भरलेले. दादा म्हणाला, देवानंच खूण केली, आता तरी शहाणे व्हा. मग माझ्याकडं वळला. "तुला कळत नाही, म्हणून मी ठरवतो. उद्यापासून कंप्युटर क्लास. हो म्हण."

आयुष्यभर मी त्याला हो म्हटलं होतं. तोंडात होच आला होता, खोटं कशाला सांगू. पण पोरीनं वर बघितलंच नाही. ती आपली चिमटीनं मेलेली बाजूला काढत होती. तिनं माझ्याकडून आशाच सोडली होती, ते मला झोंबलं.

मी म्हटलं, "नाही."

"काय नाही?"

"क्लास नाही, स्थळ नाही. ती परत मांडणार. देवानं खूण नाही केली दादा, मी केली. गाढवपणा माझा, त्याची सजा तिला का? पोराला जाऊ द्या अमेरिकेला. तिकडंही लोक खातात, हागतात, कचरा करतात. त्याचं काय करायचं ते शिकून माझी पोरगी बसली असेल, लागलं तर बोलवा म्हणावं."

"पोरगी बिनलग्नाची घरात राहील तुझ्या."

"घर तिचंच आहे."

दादा चहा न पिता जिन्यावरून उतरला. गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, येडा तो येडाच. मी कठड्यावरून ओरडून सांगितलं, हाव, येडाच, अन् राहणार. शेजारचे मास्तर खिडकीत आले, मी त्यांनाही ऐकवलं.

मग पोरीजवळ जाऊन मांडी घातली आणि मेलेली वेगळी काढायला लागलो. पहिलंच उचललं तर तिनं माझा हात धरला.

"हे जिवंत आहे, बाबा. उजेडात धरा. बघा, उजेडापासून कसं अंग चोरतंय."

"आणि हे?"

"ते गेलं."

मी ते बाजूला ठेवलं आणि पुढचं तिला न विचारता उजेडात धरलं.