पिंजारीचाचांची फेरतपासणी

दिल्लीच्या सरकारचे धोरण लोकांना वर्तमानपत्रातून कळते. मला ते माझ्या सतरंजीवर येऊन भेटले. ज्या वर्षी औषधाखेरीज अफू खाणे साऱ्या देशातून बंद करण्याचे सरकारने ठरवले, त्या वर्षी अकोल्याच्या कचेरीबाहेर माझ्याइतका व्यग्र अर्जनवीस दुसरा नव्हता. मार्चअखेर ठेक्याची दुकाने बंद होणार होती. अफूवाचून ज्याचे चालणार नाही असे सरकारी डॉक्टर लिहून देतील, त्यालाच पुढे परवान्यावर ठरावीक मात्रा मिळणार होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु एवढा गंभीर विषय नेमक्या शब्दांत मांडणारा माणूस त्या आवारात मीच होतो, आणि वकीलमंडळीही ते जाणून होती. रोज सकाळी दौत उघडताना मला सणासुदीचा उत्साह वाटे.

आमच्या जठारपेठेत गाद्या-रजया भरून देणारे एक पिंजारी राहत. सगळे त्यांना चाचा म्हणत. कापसाची धूळ छातीत बसून तरुणपणी त्यांना खोकला जडला, तेव्हा कोणीतरी अफूची गोळी सुचवली. खोकला गेला, गोळी राहिली. ती चुकली की त्यांचे हात कापत, आणि कापत्या हाताने कापूस पिंजता येत नाही. परवाना नाही तर धंदा नाही, असा तो सरळ प्रश्न होता. मी त्यांचा अर्ज लिहिला आणि चाचा तपासणीला गेले. संध्याकाळी ते चाचींना घेऊन माझ्याकडे आले. हातातल्या कागदावर डॉक्टरांचा शेरा होता : प्रकृती उत्तम, अफूची गरज आढळली नाही.

“चाचा, गोळी खाऊन गेलते काय?” मी विचारले.

“मंग? एवढ्या मोठ्या साहेबापुढं जांभया देत उभा राहू काय? आंघोळ केली, अत्तर लावलं, गोळी घेतली, मंग गेलो.”

“अन् डॉक्टरनं काय विचारलं?”

“तब्येत कशी हाय म्हणे. मी म्हटलं, खुदाच्या मेहेरबानीनं एकदम मजेत.”

चाचींनी कपाळाला हात लावला. “निकाह झाला तवापासून मले कधी म्हटलं नाही यानं, की मी मजेत हाय म्हणून. त्या डॉक्टरलेच सांगाचं होतं.”

त्याच दिवशी, ज्यांनी अफू कधी चाटलीही नव्हती असे दोन धडधाकट इसम कण्हत-कुंथत जाऊन शिफारस मिळवून आले होते, हे मला ठाऊक होते. खरा गरजवंत गोळीच्या जोरावर ताठ उभा राहतो म्हणून नापास, आणि सोंगाड्या पास. धोरण दिल्लीत कितीही विचारपूर्वक आखलेले असो, त्यातली ही फट अकोल्यात माझ्या नजरेस पडली, या जाणिवेने मला जेवण सुचेना. मी वरच्या डॉक्टरांकडे फेरअर्ज लिहिला : “ज्या गोळीमुळे अर्जदाराची प्रकृती उत्तम दिसली, तीच गोळी बंद करण्यास त्या उत्तम प्रकृतीचा आधार घेण्यात आला आहे. सबब नम्र विनंती की, अर्जदारास गोळीवाचून एक दिवस हुजुरांच्या नजरेसमोर बसवावे व मगच निर्णय द्यावा.” असे वाक्य लेखणीतून रोज उतरत नाही. आठवडाभरात अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांकडून फेरतपासणीचे बोलावणे आले.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही तिघे अमरावतीच्या दवाखान्यात पोहोचलो. चाचांनी आदल्या संध्याकाळपासून गोळी घेतली नव्हती. चाचींनी मात्र एक गोळी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. डॉक्टर शस्त्रक्रियेत गुंतले होते, दुपारी येतील असे शिपायाने सांगितले.

आधी जांभया सुरू झाल्या. मग डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. बाहेर ऊन तापलेले, आणि चाचांच्या अंगावर काटा. पोटात कळ आली की ते बाकावर दुमडून जात. दुपार झाली, कलली, तरी डॉक्टर येईनात.

“दे ना ते गोळी,” चाचा म्हणाले.

चाचींचा हात गाठीकडे गेला.

“चाची, आता दिली तर डॉक्टरसाहेब येईपर्यंत चाचा पुन्हा मजेत होतील,” मी म्हणालो.

“तुमाले काय होते बाबूजी. तुमचा अर्ज जितून राहिला, माणूस माहा वाकून राहिला.”

“याले दोन दिवस चहा नोका देऊ,” चाचा दुमडल्या दुमडल्या म्हणाले, “मंग पाहू कसा लिहिते.”

मला हसू आले नाही. चाचा उठून फाटकाकडे निघाले, पण पायरीवरच बसले. परवाना नको, आपल्याला घरी न्या, म्हणू लागले. तेव्हा चाचींनी गाठ सोडली. त्यांनी गोळी चाचांना न देता माझ्या तळहातावर ठेवली आणि तोंड फिरवले. “तुमीच ठेवा. माह्याजवळ राहिली तं मी देऊन टाकीन.”

मी मूठ आवळून उभा राहिलो. दिल्ली, मुंबई, अबकारी खाते, सारे त्या मुठीत आल्यासारखे वाटत होते, आणि पायरीवरचा माणूस माझ्याकडे बघत होता.

डॉक्टर आले. त्यांनी तब्येत कशी आहे असे विचारलेच नाही. पापणी उचलून पाहिली, नाडी धरली, शेवटची गोळी कधी घेतली तेवढे विचारले आणि उभ्या उभ्याच सही केली. मात्रा पुढे थोडी थोडी कमी होत जाईल, असेही बजावले. मग म्हणाले, “कोणाजवळ गोळी असेल तर द्या यांना.” मी मूठ उघडली. घामाने गोळी तळहाताला चिकटली होती. चाचांनी ती नखाने खरवडून घेतली.

मार्चच्या अखेरच्या दिवशी अकोल्याच्या अबकारी खिडकीसमोर मोठी रांग होती. चाचा आंघोळ करून, अत्तर लावून आले होते, चेहऱ्यावर तजेला. कारकुनाने कागद पाहिला, मग चाचांकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला. शिक्का उचलून त्याने तो हवेतच धरला.

“काय चाचा, तब्येत कशी हाय?”

चाचांनी अदबीने छातीवर हात ठेवला. “खुदाच्या मेहेर...”

“खराब हाय,” मागून चाची म्हणाल्या. “लय खराब हाय. तुमी शिक्का मारा.”

कारकुनाने शिक्का मारला.