रुप्याचा पाय

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. मुळाक्षरांपासून त्रैराशिकापर्यंत सगळं मी तिच्याजवळ बसून शिकलो. चौथीनंतरच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. पुढच्या इयत्तांची पुस्तकं तिने आचऱ्याच्या घरी पडवीत बसूनच वाचली. तिला सातवीची फायनल द्यायची होती. ती पास झाली की शाळेत शिकवायला मिळे. परीक्षा मालवणला, वाटेत खाडी. वडील म्हणत, "तुका उचलून होडयेत घालूचा, मगे उतरवूचा. लोक हसतले."

त्या वर्षी बोटीवर खलाशी असलेले काका अमेरिकेचं एक चिमुकलं चांदीचं नाणं घेऊन आले. त्यावर तिकडच्या एका दिवंगत राष्ट्राध्यक्षाचा चेहरा होता. "ह्येच्या पायात बळ नाय हुता," काका म्हणाले. "चाकांच्या खुर्चेर बसान देश चलवल्यान. मेल्यावर लोकांनी नाण्यार घातलो."

ताईने ते वडिलांपुढे धरलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"हेच्यार नुसती मुंडी आसा. पाय खंय आसत?"

"लागले नाय, म्हणान काढले नाय."

वडील हसले. "बघूया. होडयेवाल्याक इचारतंय."

ताई पुन्हा अभ्यासाला लागली.

आईला त्या नाण्यात वेगळंच दिसलं. पांगळ्या माणसाच्या नाण्यातलं रुपं, तेही समुद्रापलीकडून आलेलं. देवीला याहून चांगलं काय वाहायचं? तिने कुणाला न विचारता ते सोनाराकडून आटवून नखाएवढा पाय करून घेतला आणि गाऱ्हाणं घालून, पाय बरे होण्याचा नवस बोलून देवीला वाहिला. "तुजे पाय बरे जातले गो," ती ताईला म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पण नवस फिटेपर्यंत, ज्याच्यासाठी तो बोलला त्याने गावाची वेस ओलांडायची नाही, अशी आमच्या घरची रीत. वडिलांनी होडीवाल्याला नको म्हणून कळवलं. ताई आईवर रागावली नाही. परीक्षेच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढच्या वर्षीही नवस तसाच होता, त्याच्या पुढच्या वर्षीही.

बी.ए. झालो तेव्हा मी मुंबईहून तिला पत्र लिहिलं:

"ताई, मी पास झालो. इथे सगळे अभिनंदन करतात तेव्हा संकोच वाटतो. फायनलला या वयातही बाहेरून बसता येतं, असं चौकशी केल्यावर कळलं. मे महिन्यात घरी येतो. तुला मालवणला नेण्याआधी देवीपुढे गाऱ्हाणं मी घालीन. दोष लागला तर मला लागू दे. तू पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकलीस, असं आईने कळवलं. ती परत मागू नकोस. मी नवीन आणतो आहे. फक्त 'आता कशाला' असं म्हणू नकोस."